वाचक विचारतात : सासूबाईंची एवढ्या वर्षांची सेवा दोन पानांत लिहू कशी?

या अंकासाठी सोलापूरहून आलेली तीन पत्रं घेतलीयत. घरं वेगवेगळी, पण तिन्हीकडे बोलणं चाललंय ते चर्चमध्ये आणि वस्त्यांमध्ये आयुष्य घालवलेल्या बायकांबद्दल. पहिल्या पत्राला जागा जास्त दिलीय कारण त्यात सांगण्यासारखं खूप आहे आणि ते लिहिणाऱ्या ताईंना स्वतःलाच दिसलेलं नाही.

प्रश्न : नमस्कार ताई. माझ्या सासूबाई आता सत्त्याऐंशीच्या आहेत. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना चर्चच्या कामातच बघतेय. संडे स्कूल, महिला मंडळ, आजारी माणसांच्या भेटी. तरुणपणी सेटलमेंटमध्ये पोरांना शिकवायला जायच्या, नंतर विडी वळणाऱ्या बायकांच्यात. ७२ च्या दुष्काळात वाटप, किल्लारीच्या भूकंपात कपडे गोळा करणं, सगळं केलं. चर्चच्या मंडळीत कुणी वारलं की दफनाच्या पेटीला आतून पांढरं कापड लावून द्यायचं कामपण त्यांचंच. यंदा आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले की वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत त्यांच्यावर दोन पानं द्या, सत्कारही करू. मी लिहायला बसले तर प्रेमळ, प्रार्थनाशील, निःस्वार्थी, सगळ्यांची आई, एवढ्यावरच गाडी अडते. त्यांना विचारलं तर म्हणतात, मी काय केलं गं, देवानं करवून घेतलं, माझं नाव कशाला. आणि आमचे मिस्टर म्हणतात, आईनं सगळ्या गावाला वेळ दिला, आम्हालाच दिला नाही, हेपण लिही. ते रागानं म्हणतात की खरंच, मला कळत नाही. काय करू?
— एक सून, सात रस्ता, सोलापूर

उत्तर : ताई, पेटीला कापड लावायचं तुम्ही जाता जाता शेवटी लिहून टाकलंय. माझ्या मते तुमची दोन पानं तिथूनच सुरू करा.

ते काम नेमकं काय असतं बघा. मयताची खबर येते ती वेळ बघून येत नाही. सुताराकडून पेटी येते ती साध्या लाकडाची, आतून खरबरीत, कुठे खिळ्याचं टोक वर आलेलं. मग कुणीतरी पांढरं कापड मापून घ्यायचं, कडेनं चुण्या घालत घालत बारीक खिळ्यांनी ठोकायचं, खाली गादीसारखं काहीतरी, डोक्याखाली छोटी उशी, आणि हे सगळं शेजारच्या खोलीत रडारड चालू असताना, हात न थरथरता. आणि पेटी लहान लेकराची असली तर? तेव्हाही त्याच बसत असणार ना खाली मांडी घालून. या कामाला पद नाही, मानधन नाही, वार्षिक अहवालात त्याचा रकानाही नाही. त्यांना विचारा की हे शिकवलं कुणी, कापड कुठून यायचं, पैसे कोण द्यायचं, गरीब घर असलं तर काय करायच्या, घरी येऊन आधी अंघोळ की आधी चहा. आणि कुठली पेटी अजून डोळ्यासमोरनं जात नाही तेही विचारा, पण ते एकदम नको, दोन-तीन दिवस बोलणं झाल्यावर, आणि त्या गप्प बसल्या तर तुम्हीपण गप्प बसा.

प्रेमळ, प्रार्थनाशील वगैरे शब्द खोटे नाहीत हो, पण ते कुठल्याही स्मरणिकेतल्या कुठल्याही बाईला लागू पडतात आणि वाचणारा दोन ओळींतच पान उलटतो. त्यांनी काय केलं ते लिहा. त्या कशा होत्या ते वाचणाऱ्याला आपोआप कळतं. बायबलमध्ये पौलानं रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा १६ वा अध्याय काढून बघा एकदा, आपण बहुतेक वेळा नुसती नावांची यादी म्हणून तो पटकन वाचून टाकतो. एवढं मोठं पत्र लिहून झाल्यावर हा माणूस शेवटी एकेकाचं नाव घेतो आणि नावापुढे काम सांगतो, किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी, जिनं खूप जणांना आणि खुद्द पौलालाही मदत केली, प्रिस्का जिनं नवऱ्याबरोबर जीव धोक्यात घातला, मरिया जिनं मंडळीसाठी कष्ट उपसले, मग त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस. विशेषणं जवळपास नाहीतच. दोन हजार वर्षं होत आली आणि आपल्याला त्या बायका माहीत आहेत त्या एवढ्याच ओळींमुळे.

आपल्याकडे असं झालेलं नाही, म्हणून मी एवढी मागे लागतेय. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत १८१३ ला आलं, मग नगर, आणि १८६० च्या दशकात सोलापूर. तेव्हापासून मिशनरी साहेबांची नावं मिळतात, त्यांच्या मडमांची कधीकधी मिळतात, पण घरोघर फिरून बायकांना वाचायला शिकवणाऱ्या, बाळंतिणींकडे जाणाऱ्या आपल्या मराठी बायबलबाया जुन्या अहवालांत बऱ्याचदा नुसत्या आकड्यात आहेत, अमुक स्टेशनला इतक्या बायबल वुमन, संपलं. त्या कुठल्या गावच्या, विधवा होत्या की काय, पायी किती चालायच्या, काही नाही. पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक आपल्याला माहीत आहेत कारण त्या स्वतः लिहायच्या. तुमच्या सासूबाई लिहिणार नाहीत, म्हणजे ते तुमच्यावरच आलं.

आता विचारायचं कसं. तुम्ही काय सेवा केली असं विचारलंत तर उत्तर तेच येणार, देवानं करवून घेतलं. त्याऐवजी साधं विचारा. विडीवाल्या बाईकडे गेल्यावर तुम्ही बसायच्या कुठे? घर म्हणजे एक खोली, बाई मांडीवर सूप घेऊन बसलेली, पानं कापून भिजवून ठेवलेली, हजार विड्या झाल्याशिवाय मजुरी नीट हातात पडत नाही त्यामुळे ती मान वर करणार नाही, हात थांबवणार नाही, मग शिकवणं व्हायचं कसं? विड्या वळता वळता पाढे? अक्षरं कशावर काढायच्या? त्या बायका बऱ्याचशा तेलुगू बोलणाऱ्या, काही कन्नड, मग सासूबाई कुठल्या भाषेत बोलायच्या? आपल्या सोलापुरात चार भाषा कानावर पडतातच, पण कानावर पडणं वेगळं आणि आजारी बाईशी तिच्या भाषेत बोलता येणं वेगळं. विडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा आला, १९७६ ला कल्याण निधीचा कायदा आला, त्यानंतर ओळखपत्रं, दवाखाना, पोरांची स्कॉलरशिप हे सगळं कागदावर सुरू झालं, पण फॉर्म भरायला अक्षर यायला पाहिजे ना. मला जवळपास खात्री आहे की त्यांनी ढिगानं फॉर्म भरून दिले असतील आणि त्याला त्या सेवा समजतच नसतील. हे नक्की विचारा.

सेटलमेंटचंही तसंच. नव्या पिढीला सेटलमेंट म्हणजे रिक्षावाल्याला सांगायचा एक पत्ता. पण १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली कितीतरी जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं होतं, सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवायचे, हजेरी घ्यायचे, बाहेर जायचं तर परवानगी. काही काळ तो कारभार अमेरिकन मिशनच्या हातातही होता, आणि आपल्या मंडळीचा इतिहास लिहिताना हेसुद्धा सांगितलं पाहिजे, फक्त शाळा-दवाखान्यांचं नको. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. सासूबाई तरुणपणी तिथं जायच्या म्हणताय म्हणजे कायदा जाऊन फार वर्षं झालेली नसणार. कागदावरचा शिक्का गेला तरी लोकांच्या मनातला कुठे गेला होता? अशा वेळी एक तरुण मुलगी रोज तिथं शिकवायला जाते तर घरचे काय म्हणाले, शेजारचे काय म्हणाले, पोरं पहिल्या दिवशी जवळ आली का? यावर त्या तासभर बोलतील बघा.

दुष्काळाबद्दल विचारताना मिलो म्हणजे ती परदेशी तांबडी ज्वारी, आणि वाटपातली सुकडी, हा पौष्टिक कोरडा खाऊ, इथून सुरू करा. त्या पिढीला ती तांबडी मिलोची भाकरी नुसती आठवली तरी बाकीचं सगळं पाठोपाठ येतं, खडी फोडायची कामं, कासासारख्या चर्चच्या संस्थांकडून आलेली मदत, रांगा, कुणाला दोनदा मिळालं आणि कुणाला मिळालंच नाही यावरून झालेली भांडणंपण. ती भांडणं वगळू नका. किल्लारीचा भूकंप तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा, गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरलेली. सोलापूरच्या दवाखान्यांमध्ये जखमींच्या गाड्या येत होत्या. त्या दिवशी त्या कुठे होत्या एवढंच विचारा.

मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा, पण त्यांना सांगून. एका बैठकीत सगळं उरकू नका, सकाळी भाजी निवडताना अर्धा तास बरा, तेव्हा हात कामात असतात आणि बोलणं मोकळं होतं. जुने फोटो समोर ठेवा आणि मागे पेन्सिलीनं नावं लिहून घ्या, ही माणसं ओळखणारी आता त्याच उरल्या असतील.

जोडीला कागद बघा. चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं, लग्नाचं, दफनाचं रजिस्टर असतं, पंच कमिटीचं मिनिटबुक असतं, पाळकसाहेबांना विनंती करा, तुमच्यासाठी ते काढतील. त्याहून मोलाची म्हणजे महिला मंडळाची जमाखर्चाची वही, ती बहुतेक कुणाच्या तरी घरी ट्रंकेत असते. चर्चच्या कापणीच्या सणाला कणसं, शेंगा, अंडी, कोंबडी असं जे येतं त्याचा लिलाव व्हायचा आणि त्या पैशाचं पुढे काय झालं ते त्या वहीत सापडेल, कुणाच्या फीला गेले, कुणाच्या औषधाला. १९७० च्या २९ नोव्हेंबरला वेगवेगळी चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्याच्या आधीचे कागद वेगळ्या गठ्ठ्यात असतील तर तेपण सोडू नका. आणि 'ज्ञानोदय'चे जुने अंक कुठे मिळाले तर चाळा, १८४२ पासूनचं ख्रिस्ती नियतकालिक आहे, गावोगावच्या मंडळ्यांच्या बातम्या त्यात यायच्या.

माझं नाव कशाला, या त्यांच्या म्हणण्याला खोडून काढायला जाऊ नका. त्यांचा विश्वास आहे तो, नुसता संकोच नाही. देवानं करवून घेतलं हे त्यांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत छापा. पण त्यांना असं विचारा की तुमच्याबरोबर कोण कोण होतं, कुणाची नावं राहून जायला नकोत? मग बघा कशा सांगायला लागतात. लेख एकटीचा राहणार नाही आणि त्यांनाही तो आपला वाटेल.

आता मिस्टरांचं. ते खरंच म्हणतायत असं धरून चला. संध्याकाळी पोरं शाळेतनं आली आणि आई कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला गेलीय, भाकरी थोरल्या बहिणीनं थापलीय, असं किती वेळा झालं असेल. अशा बायकांच्या मुलांना हे बोलायची सोयच नसते, कारण बोललं की लोक म्हणतात, एवढी देवमाणूस आई आणि तुम्ही असं बोलता. माझं स्पष्ट मत आहे की हे लिहावं, पण तुम्ही नाही, त्यांनी लिहावं, मुलगा म्हणून, आठ-दहा ओळी, त्यांना हवं तसं. आणि छापायच्या आधी आईला वाचून दाखवावं. कदाचित त्या म्हणतील, खरंय रे. कदाचित म्हणतील, तुझे बाबा गिरणीत पाळीला असायचे, घरचं-बाहेरचं मीच बघत होते, तुला काय माहीत. काहीही म्हणोत, हे बोलणं मायलेकांत एकदा झालेलं बरं, आणि सत्त्याऐंशी वय म्हणजे ते पुढे ढकलायचं वय नाही. थोरल्या नणंदबाई असतील तर त्यांनाही विचारा, कारण आईच्या सेवेतली घरची बाजू मुलींनीच उचललेली असते आणि त्यांचं नाव तर कुठेच येत नाही.

सत्काराचं त्यांच्यावर सोडा. स्टेजवर बसायचं नसेल तर नाही बसवायचं. पाळकसाहेबांना सांगा की उपासनेत तुमच्या लेखातलं एक पान कुणीतरी मोठ्यानं वाचलं तरी चालेल.

प्रश्न : मी नवी पेठेत राहतो. आम्ही हिंदू आहोत. माझी आजी लहानपणी मिशनच्या बाईंकडे वाचायला शिकली, ती शेवटपर्यंत त्या बाईंचं नाव काढायची. आमच्या ग्रुपवर परवा हा विषय निघाला तर लोक म्हणाले ते सगळं धर्मांतरासाठीच होतं. मला उत्तर सुचलं नाही. खरं काय आहे?
— एक वाचक

उत्तर : दोन्ही खरंय दादा, आणि दोन्ही सांगायला घाबरायचं कारण नाही. मिशन धर्म सांगायलाच आलं होतं, ते त्यांनी कधी लपवलं नाही, त्यांच्या शाळांत बायबल शिकवलं जायचं. आणि ज्या काळात मुलींना कुणी शिकवत नव्हतं त्या काळात त्यांनी शिकवलं, हेही तितकंच खरं. नगरला मिस फॅरार यांच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या आणि मग १८४८ ला पुण्यात स्वतः मुलींची शाळा काढली. सोलापुरातल्या बालवर्गांशी मेरी हार्डिंग यांचं नाव जोडलेलं आहे.

ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. १८८९ ला त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. धर्मात ढवळाढवळ करणार नाही असं सांगून रानडे, भांडारकरांसारखी माणसं सल्लागार म्हणून घेतली होती. पण मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसायला लागल्या, बोभाटा झाला, १८९३ ला सल्लागार बाहेर पडले, पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या. राग यायला कारण होतं, मी तो राग खोटा म्हणणार नाही. पण त्याच सदनात शिकलेली एक विधवा मुलगी गोदूबाई, तिचं त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं, ती हिंदूच राहिली आणि आनंदीबाई म्हणून कर्व्यांच्या सगळ्या कामात उभी राहिली. रमाबाईंच्या हाताखाली शिकून कुणी ख्रिस्ती झालं, कुणी नाही झालं, पण वाचायला-लिहायला येणं दोघींकडेही राहिलं.

तुमच्या आजीचंही बघा. आजी तुमच्या घरात हिंदू म्हणूनच जगली ना? आणि त्या बाईंचं नाव शेवटपर्यंत काढत राहिली. ग्रुपवर हरण्या-जिंकण्याचं सोडा, पण आजी त्या बाईंबद्दल काय सांगायची ते आठवून एकदा लिहा तिथे, जसंच्या तसं. बाईंचं नाव तुम्हाला आठवत असेल तर सोलापूरच्या चर्चमध्ये जाऊन सांगा, वर पहिलं पत्र लिहिणाऱ्या ताईंसारखं कुणीतरी तेच शोधत असेल.

प्रश्न : माझ्या आजीनं चाळीसएक वर्षं संडे स्कूल घेतलं. आता गुडघ्यांमुळे चर्चला जाता येत नाही. दिवसभर खिडकीशी बसते, म्हणते आता मी कुणाच्या कामाची नाही. मी बारावीला आहे, मला जास्त वेळ देता येत नाही, काय करू?
— एक नात, विजापूर रोड

उत्तर : बाळा, तुला सगळं करायचं नाहीये, थोडंच करायचंय. पाळकसाहेबांना फोन करून सांग की आजीला घरी प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा चर्चमधला विधी) हवंय, बऱ्याचदा कुणी सांगतच नाही म्हणून ते यायचे राहतात. महिला मंडळाच्या बायकांना सांग की महिन्यातली एक घरप्रार्थना तुमच्याकडे ठेवा, आजीला खुर्चीवरून उठायची गरज नाही.

आणि तिला खरं काम दे, मन रमवायला म्हणून दिलेलं नको, ते तिला लगेच कळेल. मंडळीत कोण आजारी आहे, कुणाचं ऑपरेशन आहे याची यादी दर रविवारी तिच्यापर्यंत पोचली तर ती नावं घेऊन प्रार्थना करेल आणि फोनवर विचारपूसही करेल, चाळीस वर्षं पोरं सांभाळलेल्या बाईला फोनवर कसं बोलायचं ते शिकवावं लागत नाही. तिच्या वर्गातली पोरं आता चाळिशी-पन्नाशीला आली असतील, दोघा-तिघांचे नंबर मिळव, बाकीचे तेच शोधून काढतील. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आणि 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली जुनी गीतं तिला चालीसकट येत असणार, त्यातल्या काही चाली आता संडे स्कूलच्या नव्या टीचरना येत नाहीत. त्यांना शनिवारी संध्याकाळी अर्धा तास घरी पाठवायला सांग, आजी शिकवेल. तू आत अभ्यास करत बसलीस तरी चालेल, फक्त चहा करून दे. गुडघ्यांचं हाडांच्या डॉक्टरांना एकदा दाखवलंय का तेही बघ, वय झालं म्हणून सोडून दिलं असेल तर वॉकर आणि व्यायामानं दारापर्यंत तरी येता येतं का ते विचारून घे, आणि चर्चमध्ये रॅम्प नसेल तर ते पंच कमिटीला लेखी कळव, सही आजीची घे.